नवोदयचं अंकगणित : नऊ बरोबर, अकरा चूक, आणि त्या अकरांचा हिशेब

जिल्हा परिषदेच्या शाळेतली पाचवीची एक विद्यार्थिनी. केंद्र सरकारच्या निवासी जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या निवड चाचणीला दहा आठवडे उरलेले. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पूर्ण सराव चाचणी झाली आणि अंकगणितात तिचे वीसपैकी नऊ प्रश्न बरोबर आले. वर्गात गणितात ती पहिल्या तिघांत असते. त्यामुळे घरी एकच सूर लागला : अजून सराव हवा, बाजारातून आणखी दोन प्रश्नसंच आणू.

ही मुलगी प्रातिनिधिक आहे. पाचवीच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या चुका एका ठिकाणी आणून हे प्रकरण मांडलं आहे आणि तिचे गुण उदाहरणादाखल आहेत. परीक्षेचा साचा मात्र खरा आहे. आधी तोच पाहू, कारण तयारीचं जवळजवळ सगळं गणित त्या साच्यावर उभं आहे.

चाचणी दोन तासांची, सकाळी साडेअकरा ते दुपारी दीड. एकूण ८० प्रश्न, १०० गुण, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. १ ते ४० मानसिक क्षमता चाचणी, सगळे आकृत्यांचे प्रश्न, प्रत्येक प्रकाराचे चार असे दहा प्रकार. ४१ ते ६० अंकगणित, २५ गुण. ६१ ते ८० भाषा, चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. उत्तरं ओएमआर पत्रिकेवर निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने वर्तुळ भरून द्यायची. पेन्सिल चालत नाही आणि एकदा भरलेलं वर्तुळ बदलता येत नाही. प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे पात्र ठरावं लागतं, म्हणून आकृत्यांत चाळीसपैकी चाळीस मिळवून अंकगणित सोडून देणं परवडत नाही. आणि मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते. दुसरी संधी नाही.

एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आणि किमान एक तृतीयांश मुलींसाठी. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६ मध्ये निघाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या गुरुजींना ही परीक्षा पाठ असते, ती उगाच नाही.

दुसऱ्या दिवशीचा पेपर

नवे प्रश्नसंच आणण्याआधी एक काम केलं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रश्नपत्रिकेतले अंकगणिताचे वीस प्रश्न तिला कोऱ्या कागदावर पुन्हा दिले. बरोबर उत्तरं सांगितली नाहीत, घड्याळ लावलं नाही. प्रत्येक प्रश्नाखाली मांडणी मात्र पूर्ण करायची होती. मग पहिल्या दिवसाची ओएमआर, पहिल्या दिवसाचं पुस्तिकेतलं कच्चं काम आणि हा नवा कागद असे तिन्ही शेजारी ठेवून गेलेला प्रत्येक प्रश्न तपासला. याला तास-दीड तास लागतो. दहा नवे पेपर सोडवून जे कळत नाही ते या दीड तासात कळतं.

गेलेले प्रश्न अकरा : आठ चुकलेले, तीन रिकामे. त्यांची फोड अशी निघाली. दोन प्रश्न ओळ चुकल्यामुळे गेले. तीन वेळेमुळे. दोन नीट न वाचल्यामुळे. एक एककामुळे, एक पाढ्यामुळे. आणि फक्त दोन प्रश्न असे होते जे तिला खरोखर येत नव्हते.

अकरापैकी दोन! प्रश्नसंचांनी या दोनांवर थोडा उपाय झाला असता. उरलेले नऊ मात्र तसेच राहिले असते, उलट सरावाने पक्के झाले असते. चूक करत करत केलेला सराव हा चुकीचाच सराव असतो, हे पालकांना पटवणं या सगळ्या तयारीतलं सर्वांत अवघड काम आहे.

ओळ कशी चुकली

सत्तेचाळिसावा प्रश्न घाईत अवघड वाटला म्हणून तिने सोडला. अठ्ठेचाळिसावा सोडवला आणि त्याचं वर्तुळ ४७ च्या ओळीत भरलं. एकोणपन्नासाव्याचं ४८ च्या ओळीत गेलं. पन्नासाव्याला आल्यावर गफलत लक्षात आली, पण शाईने भरलेलं बदलता येत नव्हतं. दोन्ही उत्तरं बरोबर होती, दोन्ही गेली. ४९ ची ओळ रिकामी राहिली आणि ४७ चुकीचा ठरला.

प्रश्न सोडला की हाताला पुढची रिकामी ओळ दिसते आणि हात तिकडेच जातो. त्यात मराठी संख्यावाचनाची भर पडते. मनात ‘एकोणसाठ’ म्हणताना साठी ऐकू येते आणि बोट ६९ कडे सरकतं. यासाठी नियम एकच ठरला. डाव्या हाताचं बोट ओएमआरवरच्या छापील क्रमांकावर ठेवायचं, ओठातल्या ओठात क्रमांक आणि पर्याय म्हणायचा, ‘अठ्ठेचाळीस, तिसरा’, आणि मगच वर्तुळ भरायचं. सोडलेल्या प्रश्नाला पुस्तिकेत मोठा गोल करायचा, ओएमआरवर कसलीही खूण करायची नाही. सगळी वर्तुळं शेवटी एकदम भरायची सवय बऱ्याच ठिकाणी लावतात. दहा वर्षांच्या मुलासाठी ती आम्हाला धोक्याची वाटते, कारण शेवटच्या पाच मिनिटांत हात थरथरतो आणि एक ओळ सरकली की पुढचा सगळा स्तंभ सरकतो.

घरी छापील ओएमआर नसेल तर कोऱ्या कागदावर ४१ ते ६० आकडे आणि प्रत्येकापुढे चार वर्तुळं आखून झेरॉक्स काढल्या तरी पुरतं. पहिल्या आठवड्यापासून एकही प्रश्न वर्तुळ भरल्याशिवाय पूर्ण झाला असं मानायचं नाही.

पर्याय हे सापळे असतात

वाचनाच्या चुका जरा सविस्तर पाहायला हव्यात, कारण त्यांच्यामागे एक गैरसमज आहे. मुलांना वाटतं की आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर. प्रश्न काढणारा मात्र मुलं नेमकं कुठे घसरतात हे पाहूनच चुकीचे पर्याय तयार करतो.

प्रश्न असा होता : ६, ८ आणि १२ ने भागल्यास प्रत्येक वेळी ५ बाकी उरते अशी लहानात लहान तीन अंकी संख्या कोणती? पर्याय : २९, ९६, १०१, १२५. लसावि २४. तिने २४ मध्ये ५ मिळवले आणि २९ भरून मोकळी झाली. रीत बरोबर, ‘तीन अंकी’ हे शब्द वाचायचे राहिले. २४ च्या पटीत ९६, त्यात ५ मिळवून १०१ हे उत्तर. इतर पर्यायही पाहा. ९६ हा ५ मिळवायला विसरणाऱ्यासाठी आहे. १२५ ला तिन्ही संख्यांनी भागलं तरी ५ च बाकी उरते, पण ती लहानात लहान नाही. चारही पर्यायांमागे विचार आहे.

दुसरा : एक वस्तू ४६० रुपयांना विकल्यावर १५ टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती? तिने ४६० चे १५ टक्के म्हणजे ६९ काढले, वजा केले आणि ३९१ भरलं. तो पर्यायही होताच. नफ्याचा शेकडा नेहमी खरेदीवर मोजतात. खरेदी १०० तर विक्री ११५, म्हणून ४६० ला ११५ ने भागून आलेल्या ४ ला १०० ने गुणायचं, उत्तर ४००. ही नुसती घाई म्हणता येत नाही. ‘शेकडा कशाचा?’ हा प्रश्न तिने मनात विचारलाच नव्हता.

मराठीत काय विचारलं आहे ते वाक्याच्या शेवटी येतं आणि अटी मध्ये दडतात. म्हणून प्रश्न दोनदा वाचायला शिकवलं. पहिल्यांदा शेवटचे चार-पाच शब्द : काय काढायचं, कोणत्या एककात. मग सुरुवातीपासून, आणि ‘तीन अंकी’, ‘प्रत्येकी’, ‘उरलेल्यापैकी’, ‘पेक्षा कमी’ असे शब्द आले की पेनने अधोरेखित करायचे. पहिले दोन आठवडे रोज दहा प्रश्न असेच, न सोडवता. फक्त सांगायचं : काय विचारलं आहे, अट कोणती, उत्तर साधारण दहाच्या घरात, शेकड्यात की हजारात. पंधरा मिनिटं लागतात. मुलांना हे खेळासारखं वाटतं आणि आई स्वयंपाक करता करताही घेऊ शकते.

एकक आणि द.सा.द.शे.

टाकीचा प्रश्न : लांबी १ मीटर, रुंदी ५० सेंमी, उंची ४० सेंमी, तर टाकीत किती लीटर पाणी मावेल? तिचं काम पुस्तिकेत दिसत होतं : १ × ५० × ४० = २०००. दोन हजार हा पर्याय होता, तोच भरला. करायचं होतं १०० × ५० × ४० = २,००,००० घन सेंमी, आणि १००० घन सेंमीचा एक लीटर, म्हणून २०० लीटर. उपाय साधा आहे, पण न चुकता करावा लागतो : गुणाकाराआधी दिलेली सगळी मापं एका एककात लिहायची, आणि संख्येपुढे एकक लिहिल्याशिवाय पुढची ओळ मांडायची नाही.

जे दोन प्रश्न खरोखर येत नव्हते त्यांतला एक दशांशाचा, ०.३६ ÷ ०.००९. तिने ४ लिहिलं. भाजक पूर्णांक होईपर्यंत दोन्ही संख्यांना सारख्याच संख्येने गुणायचं, इथे १००० ने, म्हणजे ३६० ÷ ९ = ४०. वर्गात तिला ‘टिंबं मोजून सरकवा’ एवढंच आठवत होतं, ती का सरकवायची हे कधी उलगडलं नव्हतं. पैशांत सांगितल्यावर लगेच समजलं : एका रुपयात २५ पैशांची नाणी चार, तसं १ ÷ ०.२५ = ४. लहान संख्येने भागल्यावर उत्तर मोठं येतं, ही गोष्ट एकदा हाताला लागली की टिंबाची भीती जाते.

दुसरा सरळव्याजाचा : ६००० रुपये, द.सा.द.शे. ८ दराने, ९ महिने. तिचं उत्तर ४३२०, म्हणजे ९ महिने हे ९ वर्षं धरून. चौकशी केल्यावर कळलं की ‘द.सा.द.शे.’ ही अक्षरं तिला पाठ होती, पण त्यांचा अर्थ ‘दर साल दर शेकडा’ आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘दर साल’ ऐकल्याबरोबर तिने स्वतःच विचारलं, ‘मग नऊ महिने म्हणजे पाऊण वर्ष ना, बाई?’ वर्षाचं व्याज ४८०, त्याचं पाऊण ३६०.

इथे पाव, अर्धा, पाऊण अशा अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांचा विषय येतो. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आजी-आजोबांच्या पिढीने शाळेत घोकली. ज्या मुलाला पाऊणकी येते त्याला ७५ टक्के वेगळे शिकवावे लागत नाहीत, ९ महिन्यांचं व्याज तोंडी येतं आणि मिश्र अपूर्णांकांचे निम्मे प्रश्न हलके होतात. पूर्ण पाठांतराला दहा आठवडे पुरणार नाहीत. म्हणून ४० पर्यंतची पावकी आणि पाऊणकी एवढीच घेतली, आजीकडून, रोज संध्याकाळी दहा मिनिटं. नेहमीचे पाढे ३० पर्यंत, क्रमाने नाही तर उलटसुलट विचारून : तेरा साते? सतरा आठे? क्रमाने म्हणणारं मूल पाढा येतो असं वाटायला लावतं, परीक्षेत मात्र तेरा साते शोधायला ‘तेर एके तेरा’ पासून सुरुवात करतं आणि वीस सेकंद घालवतं.

सात मिनिटांचा एक प्रश्न

वेळेमुळे गेलेल्या तीन प्रश्नांचं मूळ ४४ व्या प्रश्नात सापडलं. पदावली सोपी करायची होती, कंस आणि अपूर्णांक असलेली. त्या एका प्रश्नावर तिने जवळपास सात मिनिटं घालवली, उत्तर बरोबर काढलं आणि सव्वा गुण मिळवला. मग घाईत ४७ वा सोडला, शेवटचे ५९ आणि ६० वाचलेही नाहीत. ते दोन्ही परिमिती-क्षेत्रफळाचे होते आणि तिला येणारे होते.

अडचणीचं एक कारण ‘कंचेभागुबेव’ होतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम मुलांना पाठ असतो आणि तो जसाच्या तसा लावला तर चुकतो. २० − ८ + ५ मध्ये ‘बे’ आधी म्हणून मुलं ८ + ५ = १३ करतात आणि ७ लिहितात. उत्तर १७ आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर असतात, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. ती दोनदा अशाच चुकीच्या उत्तरावर येऊन पर्यायांत ते न दिसल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मांडत राहिली, त्यात मिनिटं गेली.

वेळेची दुसरी गळती अंकगणिताच्या आधीच झाली होती. आकृत्यांना तिने ६८ मिनिटं दिली. अंकगणिताला २७ उरली, भाषेला २५. वेळापत्रक नव्याने बांधलं : आकृत्या ५० मिनिटं, अंकगणित ३८, भाषा २७, शेवटची पाच राखीव. म्हणजे १२ वाजून २० मिनिटांनी ४१ वा प्रश्न आणि १२ वाजून ५८ मिनिटांनी ६१ वा. हे दोन आकडे तिला पाठ करायला लावले. अंकगणिताच्या ३८ मिनिटांच्या आत दोन फेऱ्या. पहिली २० मिनिटांची : वाचताच रस्ता दिसतो ते प्रश्न, बाकीच्यांना गोल. दुसरी १४ मिनिटांची : गोल केलेले, एकाला दीड मिनिटांपेक्षा जास्त नाही. उरलेली चार मिनिटं वर्तुळं तपासायला.

पर्यायांवरून उत्तर गाळायचं तंत्रही या वेळी शिकवलं, आधी नाही. ३४७ × ६८ चे पर्याय २३५८६, २३५९४, २३५९६, २४५९६ असतील तर पूर्ण गुणाकाराची गरज नाही. शेवटचे अंक ७ आणि ८, त्यांचा गुणाकार ५६, म्हणून एककात ६ हवा, २३५९४ गेलं. मग अंकांची बेरीज, एकच अंक उरेपर्यंत : ३ + ४ + ७ = १४, म्हणजे ५. ६ + ८ = १४, म्हणजे ५. पाच पाचे पंचवीस, म्हणजे ७. २३५८६ ची बेरीज २४, म्हणजे ६. २४५९६ ची २६, म्हणजे ८. २३५९६ ची २५, म्हणजे ७. उरलं तेच उत्तर. या कसोटीची मर्यादाही सांगितली : अंकांची अदलाबदल झाली तर ती पकडत नाही. म्हणून तिच्यावर गाळणी म्हणून भिस्त ठेवायची, मुख्य रीत म्हणून नाही.

दहा आठवडे

पहिले दोन आठवडे पूर्ण पेपर एकही नाही. पाढे, वाचनाचे दहा प्रश्न, वर्तुळांची सवय, रोज पन्नास मिनिटांच्या आत. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत एकेक घटक : लसावि-मसावि, अपूर्णांक आणि दशांश, शेकडेवारी-नफातोटा-व्याज, मापन आणि क्षेत्रफळ-घनफळ, वेळ-वेग-अंतर. दर रविवारी वीस प्रश्नांची चाचणी. सातव्यापासून नवव्यापर्यंत आठवड्यातून दोन पूर्ण पेपर, त्यातला रविवारचा बरोबर साडेअकराला सुरू, कारण दोन तास एका जागी बसण्याचाही सराव लागतो.

चुकांची वही याच काळात चालली. प्रत्येक चुकीपुढे एक खूण : वा, ए, पा, सं, ओ, वे. वाचन, एकक, पाढा, संकल्पना, ओळ, वेळ. तोच प्रश्न तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी सोडवायचा. आठवड्याच्या शेवटी कोणती खूण जास्त आली ते मोजायचं आणि पुढच्या आठवड्याचा रोख तिथे. गुण किती मिळाले यापेक्षा हे मोजणं जास्त उपयोगी पडतं.

चौथ्या आठवड्यात बारा आले, सहाव्यात पंधरा. सातव्यात उतरून तेरा. त्या दिवशी तिने अंकगणित २४ मिनिटांत संपवलं होतं. आदल्या रविवारी लवकर संपवल्याबद्दल घरी कौतुक झालं, आणि मुलीने वेग हेच ध्येय धरलं. वहीत ‘वा’ पुन्हा चार वेळा आला. त्यानंतर घरात लवकर संपवण्याचं कौतुक बंद केलं. पहिली फेरी १६ मिनिटांच्या आत झाली तर पुढे न जाता अधोरेखित शब्दांवरून नजर फिरवायची, असं ठरलं. नवव्या आठवड्यात सतरा आले, म्हणजे २१.२५ गुण. पहिल्या चाचणीत ते ११.२५ होते.

उरलेल्या तिघांत एक वेग-अंतराचा आणि एक अपूर्णांकांच्या लहान-मोठेपणाचा. दहाव्या आठवड्यात फक्त हे दोनच घेतले, नवं काही नाही. तिसरा प्रश्न रिकामा सोडलेला होता, ‘येत नव्हता म्हणून’. चुकीला गुण कापत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी चुकीचं उत्तर भरणं तिला खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. तिच्याशी त्यावर शांतपणे बोलावं लागलं. दोन पर्याय नक्की गाळता आले तर उरलेल्या दोनांतला एक भरणं हाही विचारच आहे, आणि काहीच गाळता आलं नाही तरी रिकाम्या ओळीला शून्य ठरलेलंच असतं. शेवटच्या पेपरात १ वाजून २५ मिनिटांनी तिने पेन खाली ठेवलं नाही. ४१ पासून ६० पर्यंत बोट फिरवलं, ५३ रिकामा दिसला, पुस्तिकेत त्याचे दोन पर्याय आधीच खोडलेले होते, उरलेल्यांतलं एक वर्तुळ तिने भरलं.